बार घट्ट करूनही ट्रक पुढून हलकाच? वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचा परत परत येणारा त्रास

तक्रार बहुतेक वेळा एकाच सुरात येते. पिकअप ट्रक दणकट आहे, पाऊण टनी किंवा एक टनी म्हणतात तो हेवी ड्युटी, डिझेल, मागे सात-आठ हजार पाउंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर (राहायची सोय असलेला), वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावलीय, म्हणजे स्प्रिंगसारख्या बारांनी ट्रेलरच्या नाकाचा भार सगळ्या चाकांवर वाटणारी जोडणी, पहिल्यांदा सेट केली तेव्हा झकास चालत होतं, आणि मग कधीतरी हायवेला लागल्यावर स्टीयरिंग पोकळ वाटायला लागतं, समोरचे लोक डोळ्यात लाइट जातो म्हणून डिपर मारतात, काँक्रीटच्या सांध्यांवर ट्रक पुढे-मागे डुलत राहतो. मग माणूस बार ताणून धरणाऱ्या चेनची अजून एक कडी वर घेतो. जरा बरं वाटतं. पुढच्या खेपेला परत तेच.

माझं सरळ मत असं की कडी वर-खाली करणं हा इथे उपायच नाहीये. लोक बघतात ट्रकच्या मागच्या बाजूकडे, किती दबला, सरळ झाला का वगैरे, आणि दुखणं असतं पुढच्या एक्सलवर. हलक्या ट्रकमध्ये हे खपून जातं कारण तिथे मागचा भाग चांगलाच बसतो आणि डोळ्यांना दिसतं. हेवी ड्युटी ट्रकचे मागचे पाटे इतके कडक असतात की हजार पाउंड टंग वेट (ट्रेलरचं नाक ट्रकवर टाकतं तो भार) टाकलं तरी मागून तो थोडासाच बसतो आणि पुढून जेमतेम पाव-अर्धा इंच उचलतो, बघणारा म्हणतो की अरे याला तर काही झालंच नाही. पण वजन पुढून गेलेलं असतं. पाटे कडक म्हणून फक्त उंची कमी बदलते, वजनाचं गणित तेच राहतं.

ते गणित एकदा नीट बघा, मग पुढचं सगळं सोपं जातं. समजा रिकामा ट्रक, माणसं आणि डिझेल धरून, पुढे ४,७०० आणि मागे ३,२०० पाउंड. ट्रेलर ८,००० चा, टंग वेट १,०००. मागच्या एक्सलपासून बॉल, म्हणजे ट्रेलरचं नाक ज्यावर बसतं तो गोळा, ४८ इंच मागे आणि ट्रकचा व्हीलबेस (दोन्ही एक्सलमधलं अंतर) १६० इंच. आता बार न लावता नुसता ट्रेलर बॉलवर ठेवला तर मागच्या एक्सलवर हजार नाही, १,३०० वाढतात, कारण बॉल एक्सलच्या मागे लोंबतोय आणि तो पुढचे ३०० उचलून मागे आणतो. म्हणजे पुढे ४,४००, मागे ४,५००, ट्रेलरच्या एक्सलवर ७,०००. स्टीयरिंग पोकळ वाटतं ते या गेलेल्या ३०० मुळे. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना आणि वळताना याच ३०० ची आठवण येते.

स्प्रिंग बार काय करतात, तर ट्रक आणि ट्रेलर यांच्यातला तो सांधा खालून ताणून धरतात, त्यामुळे मागच्या एक्सलवरचं थोडं वजन पुढच्या चाकांवर जातं आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर. वर दिलेल्या उदाहरणात, बॉलपासून ट्रेलरच्या एक्सलचं मधलं अंतर २०० इंच धरलं, आणि गेलेल्या ३०० पैकी निम्मे १५० परत आणले, तर मागून साधारण २५० कमी होतात आणि उरलेले १०० ट्रेलरच्या एक्सलवर जातात. पुढे ४,५५०, मागे ४,२५०, ट्रेलर ७,१००. एकूण बेरीज तीच राहते, १५,९००. हे लक्षात ठेवा, हिच वजन वाटते, कमी करत नाही, त्यामुळे पेलोड (ट्रकने स्वतःवर वाहायच्या वजनाची मर्यादा) संपलेला असेल तर बार लावून तो काही परत मिळत नाही.

आता निम्मेच का, सगळे ३०० का नाही. जुनी पद्धत हीच होती की पुढचा फेंडर आधी होता तिथे परत आणायचा, किंवा ट्रक पुढून-मागून सारखाच बसेल असं करायचं. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या टोइंगच्या मानकानंतर कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये 'फ्रंट एक्सल लोड रिस्टोरेशन' म्हणून एक टक्केवारी (पुढून गेलेल्या वजनापैकी किती परत आणायचं ती) दिसायला लागली आणि ती बऱ्याच ठिकाणी शंभर नसते, अर्ध्याच्या आसपास असते, काही मॉडेलला वेगळी. कारण असं की पुढचं वजन पूर्ण परत आणायच्या नादात मागची चाकं हलकी होत जातात आणि अचानक चुकवायची वेळ आली की ट्रकचं मागचं टोक बाहेर फेकलं जायचा धोका वाढतो. तुमच्या ट्रकच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर टोइंगच्या भागात हा आकडा शोधा, शेजाऱ्याच्या ट्रकचा आकडा तुमच्या कामाचा नाही, वर्ष बदललं तरी बदलतो.

वजनकाट्यावर जा, फेंडर मोजत बसू नका

फेंडरची उंची टेपने मोजणं वाईट नाही, पण हेवी ड्युटी ट्रकमध्ये पुढचा सगळा फरकच पाव-अर्धा इंचाचा, त्यात डिझेलची टाकी भरली की रिकामी, दोन माणसं आत की बाहेर, जमीन थोडी तिरकी, एवढ्यावर अख्खं माप बोंबलतं. अमेरिकेत-कॅनडात हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात, त्यांचे प्लॅटफॉर्म वेगवेगळे असल्यामुळे पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलरचे एक्सल असे तीन आकडे वेगळे मिळतात. हेच हवंय आपल्याला.

तीन वेळा वजन करायचं. एकदा ट्रेलर आणि बार सगळं लावून, जसे प्रवासाला जाता तसेच, पाणी, सामान, माणसं, सगळ्यासकट. मग बाजूला पार्किंगला जाऊन बार मोकळे करायचे, ट्रेलर बॉलवरच ठेवायचा, आणि हळू परत काट्यावर. मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक, पण हिचचं डोकं (बॉल आणि बार बसतात तो भाग) रिसीव्हरमध्ये, म्हणजे ट्रकच्या मागच्या चौकोनी नळीत, तसंच राहू द्या, कारण ते स्वतःच चांगलं जड असतं आणि ते काढलं तर हिशेब चुकतो. प्रत्येक वेळी माणसं आतच बसलेली हवीत किंवा प्रत्येक वेळी बाहेर, अर्धवट नको. पोरं मध्येच चिप्स आणायला उतरतात, तेवढं सांभाळा.

बार मोकळे असतानाच्या ट्रकच्या दोन्ही एक्सलची बेरीज वजा नुसत्या ट्रकची बेरीज, हे तुमचं खरं टंग वेट. वरच्या उदाहरणात ८,९०० वजा ७,९००, म्हणजे १,०००, ट्रेलरच्या साडेबारा टक्के. ट्रॅव्हल ट्रेलरला दहा ते पंधरा टक्के हवं. ब्रोशरमध्ये छापलेलं टंग वेट हे रिकाम्या ट्रेलरचं असतं, बॅटरी आणि गॅसच्या बाटल्या धरलेल्या असतीलच असं नाही, त्यावर बारचं रेटिंग ठरवलं असेल तर तिथेच पहिली गडबड.

आता बार लावलेल्या वजनाच्या पावतीवर पुढच्या एक्सलचा आकडा बघा. ४,४५० वगैरे असेल तर बार जवळजवळ काहीच करत नाहीयेत. ४,७८० आला तर उलटा रोग, नुसत्या ट्रकपेक्षाही पुढे जास्त, म्हणजे मागून सहाशेच्या वर काढून घेतलेत, मागे ३,८७० च्या आसपास उरतात. कडी वर, कडी वर करत गेलेल्या लोकांचं हेच होतं, आणि गंमत म्हणजे स्टीयरिंग तेव्हा एकदम घट्ट आणि छान वाटतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पावसात येते.

कडी नाही, डोक्याचा कोन

बारचा ताण दोन ठिकाणी ठरतो, एक चेनच्या कड्या, दुसरं हिचच्या डोक्याचा तिरपा कोन. कोन वॉशर घालून-काढून बदलतात, काही हिचला दातेरी प्लेट असते. वॉशर वाढवले की डोकं मागे झुकतं, बारची टोकं खाली जातात, म्हणजे त्यांना उचलून तेवढ्याच कडीला लावायचं तर जास्त ताण येतो. सुरुवातीला दुकानवाल्याने कोन अंदाजाने ठेवलेला असतो आणि मग सगळी कसर कड्यांवर काढली जाते. कड्या फार कमी उरल्या की वळताना चेन तिरकी ओढली जाते, बार अडकतो, ब्रॅकेट सरकतं. बऱ्याच चेनवाल्या हिचच्या पुस्तिकेत ताणलेल्या चेनमध्ये किमान पाच कड्या राहिल्या पाहिजेत असं दिलेलं असतं. ताण दिल्यावर बार ट्रेलरच्या फ्रेमला साधारण समांतर दिसले की कोन जागेवर आला समजायचं. जास्त ताण हवा तर वॉशर वाढवा आणि कडी तीच ठेवा, कमी हवा तर वॉशर काढा.

त्याआधी बॉलची उंची. चार बाय चार हेवी ड्युटी ट्रक मुळात उंच, त्याला लांब ड्रॉपची शँक (रिसीव्हरमध्ये जाणारा, बॉल खाली आणणारा दांडा) लागते आणि ती नसली की ट्रेलर नाक वर करून चालतो. नाक वर म्हणजे डावी-उजवीकडे डोलायला आमंत्रण, शिवाय ट्रेलरच्या मागच्या एक्सलवर जास्त भार. ट्रेलर सपाट किंवा नाक जरासं खाली हवं, हे जमल्याशिवाय बारला हात लावू नका कारण उंची बदलली की बारचा ताण आपोआप बदलतो आणि सगळं परत करावं लागतं.

बार चढवताना कपलर (ट्रेलरच्या नाकावरची वाटी) बॉलवर बसवून लॅच लावून, ट्रेलरच्या चाकांना ओट लावून, टंग जॅकने ट्रक आणि ट्रेलर दोन्ही एकत्र वर उचलायचे, मग बार हलक्या हाताने चढतो. ताकद लावून पाइपने ओढावं लागत असेल तर जॅक अजून वर घ्या. आणि स्नॅप-अप ब्रॅकेटच्या (चेन वर ओढून धरणाऱ्या) पाइपच्या रेषेत तोंड किंवा हात ठेवू नका, तो सुटला की हाड मोडेल इतक्या जोरात येतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक वाकून उभे राहतात.

मग परत परत का बिघडतं

सेटिंग तसंच राहतं, ट्रेलर बदलतो. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पाउंड, पन्नास गॅलनची टाकी भरली की चारशेच्या वर पाउंड. टाकी एक्सलच्या पुढे असेल तर टंग वेट वाढतं, मागे असेल तर कमी होतं, आणि मुक्कामाहून निघताना ते पाणी ग्रे म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत गेलेलं असतं जी दुसऱ्याच ठिकाणी असते. म्हणजे जाताना एक टंग वेट, येताना दुसरं, बार मात्र त्याच कडीवर. मागच्या बंपरला सायकलींचा रॅक लावला, समजा १५० पाउंड आणि एक्सलपासून बारा फूट मागे, तर वरच्या ट्रेलरला टंगवरून साधारण १०८ पाउंड उचलले जातात. उलाळ भरलेल्या बैलगाडीचं जू जसं वर उठतं तोच प्रकार. साडेबारा टक्क्यांवरून एका रॅकने अकराच्या आसपास आलात, त्यात मागच्या स्टोरेजमध्ये जनरेटर टाकलात तर दहाच्या खालीच.

म्हणून वजन करायला तुमच्या नेहमीच्या भरणीने जा आणि ती भरणी शक्यतो तशीच ठेवा. पाण्याची टाकी भरून जाणार की रिकामी, हे एकदाच ठरवून टाका. दोन्ही प्रकारे जाणं भागच असेल तर दोन्ही भरणीची वजनं करून कोणत्या भरणीला कोणती कडी हे टंग बॉक्सच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा.

दुसरं नेहमीचं कारण ट्रकच्या बाजूने, एअर बॅग, म्हणजे सस्पेन्शनला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या. मागे एअर बॅग लावून हवा भरली की ट्रक मस्त सरळ दिसतो, पण पुढचं गेलेलं वजन एक पाउंडही परत येत नाही, फक्त मागचा भाग उचलला जातो. वरून, हवा भरल्यावर बारचा ताणही ढिला पडतो, कारण बॉल वर गेला. बॅग ठेवायच्याच असतील तर पुस्तिकेतल्या किमान प्रेशरवर ठेवून आधी हिच सेट करा आणि नंतर त्या हवेला हात लावू नका. कंपनीचंच एअर सस्पेन्शन असेल तर हिच लावताना गाडी कोणत्या मोडमध्ये हवी हे मॅन्युअलमध्ये असतं, ऑटो लेव्हल चालू ठेवून बार ताणले तर ट्रक आणि हिच एकमेकांशी भांडत बसतात.

तिसरं म्हणजे बारचं रेटिंग. ट्रक मोठा म्हणून बारही मोठे घ्या असा सल्ला सर्रास मिळतो. बार ट्रककडे बघून घ्यायचे नसतात, टंग वेटकडे बघून घ्यायचे, आणि ट्रकच्या बेडमध्ये मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेलं सामान काही हिच कंपन्या त्यात धरायला सांगतात. हजारच्या टंगला चौदाशेचे बार लावले तर कडक पाटे अधिक कडक बार, कुठेच लवचिकता नाही, प्रत्येक खड्ड्याला ताण एकदम वाढतो आणि कमी होतो आणि ट्रक घोड्यासारखा उसळतो. डुलण्याची तक्रार असेल तर हे तपासा, सोबत ट्रकचे शॉक आणि टायरची हवाही. एलटी (लाइट ट्रक वर्गातले) टायर मागे कमी हवेवर चालवले तर अर्धी पोकळी तिथूनच येते, दारावरच्या स्टिकरचा आकडा बघा.

डोलणं आणि आवाज

ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे हलत असेल तर ते वेगळं दुखणं, वजन वाटल्याने ते आपोआप जात नाही. आधी टंग वेट दहा टक्क्यांच्या वर आहे का, ट्रेलरचं नाक वर नाही ना, ट्रेलरच्या टायरमध्ये पूर्ण हवा आहे का, एवढं बघा, मगच फ्रिक्शन बार (घासून डोलणं रोखणारा) किंवा चार ठिकाणी घासणारी हिच याचा विचार. कमी टंग वेट फ्रिक्शनने झाकता येतं आणि तेच धोकादायक, कारण ते ताशी साठ मैलांपर्यंत झाकलं जातं आणि उतारावर सत्तरला उघडं पडतं. वेगळा फ्रिक्शन बार असेल तर रिव्हर्स घेताना तो काढायचा, नाहीतर वाकतो. त्याच्या घासणाऱ्या पट्टीला ग्रीस लावायचं नाही. डोलणं सुरू झालंच तर ट्रकचा ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडा, स्टीयरिंग सरळ धरा, ब्रेक कंट्रोलरच्या हाताने चालवायच्या लिव्हरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावा.

आवाजाबद्दल थोडक्यात. वळताना करकर येते ती बहुतेक वेळा बारची टोकं आणि डोक्यातली बुशिंग कोरडी असल्यामुळे, कुठे ग्रीस चालतं ते हिचच्या पुस्तिकेतून बघून लावा. थांबताना-निघताना ठक्क आवाज येतो तो रिसीव्हरमधल्या फटीचा, हेवी ड्युटी ट्रकचा रिसीव्हर अडीच इंची, शँक दोन इंची, मध्ये स्लीव्ह, आणि तिघांमध्ये थोडी थोडी हालचाल. शक्य असेल तर थेट अडीच इंची शँक घ्या, स्लीव्हच नको. आणि ठक्क आवाजाच्या निमित्ताने बॉलचा नट नक्की तपासा, ज्या बॉलचा स्वतःचा दांडा सव्वा इंची असतो त्याला टॉर्क साधारण ४५० फूट-पाउंडांच्या घरात असतो, घरातल्या छोट्या टॉर्क पान्याने ते होत नाही आणि लोक हाताच्या अंदाजावर सोडून देतात.

मुळात लागतेच का?

हाही प्रश्न रास्त आहे. रिसीव्हरवर स्टिकर असतो, त्यावर वेट कॅरिंग (बारशिवाय) आणि वेट डिस्ट्रिब्यूटिंग (बार लावून) असे दोन आकडे. हलक्या ट्रकला यात बराच फरक असतो, हेवी ड्युटीच्या काही मॉडेलला दोन्ही सारखेच, म्हणजे तिथे नियमाने सक्ती नाही. पण सक्ती नसणं आणि पुढचे तीनशे पाउंड न जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून मी तरी लांब ट्रेलरला हिच लावतोच, पुढचा एक्सल कितीही जड असला तरी. छोटा, ठेंगणा, पाच हजारांच्या आतला ट्रेलर असेल तर एक टनी ट्रकला मी नाही लावत.

उलट काही ठिकाणी लावायचीच नाही. सर्ज ब्रेकचा (ट्रेलर पुढे ढकलला की सरकून आपोआप ब्रेक लावणारा) कपलर असेल तर बार त्याच्या सरकण्याला अडवू शकतात, कपलर बनवणाऱ्याने चालेल म्हटलं असेल तरच. काही बोट ट्रेलर आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर ब्रॅकेट लावायला बनवणाऱ्याचीच मनाई असते. फिफ्थ व्हील आणि गूजनेकला (ट्रकच्या बेडमध्येच जोडायच्या ट्रेलरना) प्रश्नच येत नाही, तिथे वजन एक्सलच्या वर बसतं. आणि कॅम्पग्राउंडमध्ये जागेवर शिरताना खोल खड्डा किंवा उभा चढ असेल तर तेवढ्यापुरते बार काढून हळू आत जा, कारण ट्रक वर आणि ट्रेलर खाली अशा घडीत बारवर किती ताण येतो ते ब्रॅकेट वाकल्यावरच कळतं.